‘नंतर जोडू’ म्हणून ठेवलेली टेप

मी एक जुनी टेप आहे. खरं तर पुरती टेपही नाही, टेपचा कापलेला तुकडा. बटणांच्या जुन्या डब्यात भेंडोळं होऊन पडले आहे. मित्रांनो, या तपकिरी भेंडोळ्यात एका माणसाचं आयुष्यातलं सगळ्यात चांगलं वाजवणं आहे, हे मला बघून कुणालाही पटणार नाही.

माझा गिटारवाला प्रोग्रेसिव्ह रॉक वाजवायचा. लांबलचक रचना, मध्येच बदलणारा ठेका. टाळ्यांनी साथ धरणारा हमखास तोंडघशी पडायचा. बँडशी बिनसलं आणि त्याने स्वतःचा अल्बम करायला घेतला. स्टुडिओत पंखा बंद ठेवायचे, नाहीतर त्याची घरघर माझ्यात उतरली असती. घामाने निथळत तो एका दुपारी असा काही वाजवून गेला की रेकॉर्डिस्ट मशीन बंद करायचं विसरला.

“दादा, हे पुन्हा वाजवू नकोस,” रेकॉर्डिस्ट म्हणाला. “याहून चांगलं व्हायचं नाही.”

मला केवढा अभिमान वाटला होता.

मग कंपनीचे साहेब आले. माणूस वाईट नव्हता. त्यांनी डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकलं. “सुरेख आहे हो. पण सुरुवात आणि शेवट ठेवा, मधलं काढा. रेडिओवर लागेल, अल्बम खपेल. पुढच्या वेळी हवं तेवढं लांबवा.”

गिटारवाल्याने हो म्हटलं. रेकॉर्डिस्ट म्हणाला, “कॉपी काढून ती कापू.” पण आमचा गिटारवाला सुरांच्या बाबतीत भलताच चोखंदळ. “कॉपीत खरखर वाढते. मूळ टेपच काप. तुकडा नंतर जोडू.”

ब्लेड फिरलं. दोन्ही टोकं चिकटपट्टीने जुळली आणि मी जमिनीवर आले. गिटारवाल्याने स्वतः मला उचलून डब्यात घातलं आणि घरी नेऊन कपाटात ठेवलं. त्या ‘नंतर’च्या भरवशावर मी दिवस काढू लागले.

गाणं चाललं. एक हंगामभर दुकानादुकानांतून वाजलं. जुने चाहते म्हणाले, हा विकला गेला. नव्यांनी त्या गाण्यापलीकडे अल्बम ऐकलाच नाही. पुढचा अल्बम कुणी मागितला नाही. तो मात्र हॉटेलांत, समारंभांत तेवढंच गाणं वाजवत राहिला. घरी सराव करताना कपाटातून मला ऐकू यायचं. माझी जागा आली की मी कान टवकारायचे आणि तो पुढे निघून जायचा.

परवा त्याच्या लेकीला डबा सापडला. “बाबा, तुम्ही सांगता तो मधला भाग हाच ना? आपण जोडूया.”

पण दमट कपाटात माझे वेढे एकमेकांना चिकटले होते. सोडवताना माझी तपकिरी भुकटी तिच्या बोटांना लागली. घरातल्या जुन्या टेप मशीनमधून नुसती फरफर आली.

“मग तुम्हीच वाजवून दाखवा,” ती म्हणाली. “तुमचंच तर आहे.”

त्याने गिटार घेतली. सुरुवात झाली. माझी जागा आली. त्याची बोटं जरा अडखळली आणि सरळ शेवटावर गेली. त्याने पुन्हा वाजवलं. पुन्हा तेच. जिथे ब्लेड फिरलं होतं, नेमका तिथूनच त्याचा हात उडी मारत होता.

“इथे काय होतं गं?” त्याने लेकीला विचारलं.

तिला कुठून ठाऊक असणार? ती तेव्हा जन्मलीही नव्हती. ठाऊक फक्त मला होतं, आणि मला आता वाजता येणार नव्हतं.

मित्रांनो, पोटासाठी कापावं लागलं तर कापा, त्याबद्दल माझा राग नाही. पण आधी कॉपी काढा, आणि जपून ठेवलेलं अधूनमधून ऐकत जा. मला आता याचा काही उपयोग नाही. लेकीने डब्याचं झाकण लावलं, तेव्हा बाहेर तो पुन्हा सुरुवातीपासून वाजवत होता.