बटणाचं की बोटाचं

शिवलिंगप्पांना पुस्तकातली अक्षरं दिसेनाशी झाली, म्हणून त्यांच्या दोन्ही मुलांनी एकेक वाचनयंत्र आणलं. त्याच दिवशी सिरसाळ्यातल्या त्यांच्या आडत दुकानात रक्त सांडलं.

रोज संध्याकाळी दुकानातल्या पोत्यांवर पोरं बसायची आणि अप्पा त्यांना गोष्ट वाचून दाखवायचे. आईबाप ऊसतोडीला गेलेली पोरं तर शाळा चुकवतील, पण इथलं वाचन नाही. आता वाचनच बंद पडलं होतं. यंत्रात अक्षर हवं तेवढं मोठं करता येतं म्हणे.

थोरला राजेश्वर आणि धाकटा श्रीशैल कधीच वेगळे झाले होते. ज्याचं यंत्र अप्पा घेतील त्याच्या घरी ते राहतील, आणि त्यांच्यामागून दुकानाची गादीही त्यालाच मिळेल, असं दोघांनी मनाशी पक्कं केलं होतं.

"बसा रे पोरांनो," अप्पा म्हणाले. "वस्तूची पारख कशी करत्यात ते बघा."

श्रीशैलचं यंत्र मोठं, रंगीत, बोटानं पान उलटायचं. अप्पांनी ते उन्हात धरलं, तर त्यात त्यांचंच तोंड दिसलं. थरथरतं बोट लागलं आणि तीन पानं एकदम पळाली. राजेश्वरचं यंत्र पाटीसारखं साधं होतं. उन्हातही अक्षर छापल्यासारखं ठसठशीत. कडेला बटण. दाबलं की एकच पान पुढं.

"बघितलं का बे?" राजेश्वर हसला. "बापाला खेळणं आणलंय येनं!"

"आई उपाशी मेली तुझ्या दारात," श्रीशैल म्हणाला. "तवा कुठं गेलतं तुझं बटन?"

राजेश्वरची मूठ त्याच्या तोंडावर बसली. श्रीशैल दात थुंकला आणि भावाच्या नरड्याला भिडला. दोघं वजनकाट्यावर कोसळले, ज्वारीचं पोतं फुटलं. खाली चाचपडणाऱ्या राजेश्वरच्या हाताला दोन किलोचं लोखंडी माप लागलं. त्यानं ते श्रीशैलच्या कानावर हाणलं. ओला नारळ फुटावा तसा आवाज झाला. सांडलेली ज्वारी लाल होत गेली. पोरं किंचाळली. त्यांतली मोठी योगिता बारक्यांना पोत्यांआड ओढत राहिली.

अप्पांनी उपरणं श्रीशैलच्या जखमेवर घट्ट दाबलं. मग राजेश्वरकडं वळून ते शांतपणे म्हणाले, "मशीन तुझंच चांगलंय. जे हाय ते हाय."

राजेश्वरची छाती फुगली.

"पन ऱ्हानार मी श्रीशैलकडं."

"मंग मशीन कावून देऊ?" राजेश्वरनं यंत्र गल्ल्यावर आपटलं आणि माप उचललं. अप्पांनी उजवा पंजा पसरून यंत्रावर ठेवला.

"हात काढा, अप्पा."

"न्हाई. पोरांची गोष्ट अर्धी ऱ्हायलीय."

"काढा म्हनतो ना!"

माप खाली आलं. बोटं कडकडली. गुरासारखा हंबरला तो राजेश्वर. हातातलं माप टाकून तो दुकानाबाहेर पळाला.

यंत्राच्या पडद्याचा एक कोपरा काळा पडला होता. बाकीची अक्षरं शाबूत होती.

हाताचं प्लास्टर वाळतं न वाळतं तोच श्रीशैलच्या ओट्यावर पोरं जमली. कानाला पट्टी बांधलेला श्रीशैल पाणी देऊन गेला. अप्पांनी यंत्र मांडीवर टेकवलं आणि डाव्या अंगठ्यानं बटण दाबलं. एकच पान उलटलं.

"अप्पा," योगिता कुजबुजली, "राजाकाका येऊन हुबा ऱ्हायलाय. रडतोय."

अप्पांनी मान वर केली नाही.

"त्याला म्हनावं, बसायचं आसल तर चपला काढून, गुमान मागं बस."

आणि ते राहिलेली गोष्ट पुढं वाचू लागले.