राबाच्या धुरात हरवलेली आमची शेवटची फेरी

हे मी सांगणारच नव्हतो, मित्रांनो. दोनदा सुरुवात केली आणि दोनदा गप्प बसलो. स्वतःची फजिती कोण सांगतं? पण परवा मला न्यायला ट्रक येणार आहे, त्याआधी एकदा बोलून टाकतो. मागेपुढे झालं तर चालवून घ्या. मी काही शाळेत गेलेलो नाही. जी भाषा आली ती हँगरमधल्या रेडिओवरून, मेकॅनिकच्या बडबडीतून आणि उतरताना घाबरलेल्या पोरांच्या शिव्यांमधून आली.

मी एक जुनं चार सीटांचं विमान आहे. वरती दोन पंख, खाली तीन चाकं, नाकावर एक पंखा. अंग पांढरं, त्यावर लाल पट्टा. पट्टा आता विटकरी झालाय.

माझा जन्म परदेशातल्या कारखान्यात झाला, आणि इथे आलो तो लाकडी खोक्यांतून, बोटीने. पंख एका खोक्यात, शेपटी दुसऱ्यात. मला जोडायला ज्यांनी हात लावला त्यांच्यात चाँदभाई होते. तेव्हा ते विशीत होते आणि त्यांना फक्त नट पुसायला देत. आज पासष्टीचे आहेत आणि माझा एकही नट त्यांना विचारल्याशिवाय कोणी फिरवत नाही. राहतात लोणावळ्याजवळ वलवणला, सोमवारी येतात आणि शनिवारी घरी जातात. मला मित्र म्हणावा असा हा एकच माणूस.

कामाची वर्षं चांगली गेली. माझ्यावर शिकलेली पोरं आज मोठमोठी विमानं चालवतात. तेव्हा लोक म्हणायचे, "हे विमान पोरांना सांभाळून घेतं." ऐकून बरं वाटायचं. मग तो उडायला शिकवणारा क्लब बंद पडला. सहा वर्षं मी एका कोपऱ्यात पडून होतो. टायर बसले, पंखात पाकोळ्यांनी घरटी केली. नंतर एका हौशी मालकाने मला घेतलं, चाँदभाईंनी पुन्हा उभं केलं, आणि मग सत्यम आला.

सत्यम मावळातला. कामशेतहून आत, नाणे मावळात नदीकाठी त्याची वाडी. चाकणला कंपनीत नोकरी करतो आणि सुट्टीच्या दिवशी उडतो. उडायला शिकता यावं म्हणून त्याच्या वडिलांनी, भिमाजी आबांनी, रस्त्याकडेचं वावर विकलं होतं. लायसन मिळून तीन वर्षं झाली, पण वाडीतल्या एकाही माणसाने सत्यमला उडताना बघितलं नव्हतं. आणि नदीपलीकडचे अंबाजी रोज पारावर विचारायचे, "भिमाजी, वावर तर गेलं. इमान कुटं हाय?"

हे मला कसं कळलं? सत्यम टाकी भरताना चाँदभाईंना सांगायचा. मी ऐकायचो.

म्हणून त्याने ठरवलं, एकदा वाडीवरून जायचंच. आमची धावपट्टी पूर्वेला, सपाट मुलखात. तिथून निघायचं, रेल्वे आणि एक्सप्रेसवे डाव्या हाताला ठेवून लोणावळ्यापर्यंत जायचं, वलवणच्या धरणावर वळायचं आणि परत येताना वाडीवर एक चक्कर मारून पंख हलवायचे. साधी फेरी. मोटारीने गेलो असतो तर एव्हाना दहादा झाली असती.

पण छोट्या विमानाला वाटेल तेव्हा वाटेल तिथे जाता येत नाही, मित्रांनो. निघण्याआधी फोनवर फोन करून परवानगीचे दोन नंबर घ्यावे लागतात. फेब्रुवारीत दुसरा नंबर आला तेव्हा आमची वेळ टळून गेली होती. मार्चमध्ये दोन्ही नंबर आले तर माझंच पुढचं चाक बसलं. दोन्ही वेळा तिकडे भिमाजी आबा सकाळपासून मान वर करून उभे. दोन्ही वेळा अंबाजींना आयतं सापडलं.

आणि आता मोजके दिवस उरले होते. तीस एप्रिलला माझा उडायचा परवाना संपणार होता. इंजिन पूर्ण उघडून दुरुस्त केल्याशिवाय नवा मिळत नाही, आणि मालक म्हणाले, "राहू दे आता." लोणावळ्याच्या अलीकडे एक हॉटेल होतंय. त्यांना दारात उभं करायला विमान हवं आहे. म्हणजे मीच.

तेव्हा तीस तारखेची सकाळ ही शेवटची संधी होती.

आदल्या आठवड्यात सत्यम माझ्या पंखाखाली बसून फोनच्या स्पीकरवर बोलत होता.

"आबा, वरून सगळ्या वाड्या सारख्याच दिसतात. काहीतरी खूण पाहिजे."

"मंग राब ठिवतो की राखून," पलीकडून आबा म्हणाले. "साऱ्यांचे भाजून हुत्याल. मपला त्याच दिशी पेटवतो. धूर बघून ये."

राब तुम्हाला माहीत नसेल. जिथे भाताचं रोप टाकायचं त्या तुकड्यावर शेण, पाला, गवत पसरतात, वरून मातीचा थर देतात आणि उन्हाळ्यात पेटवतात. ते हळूहळू जळत राहतं आणि जमीन भाजून निघते. मावळात घरोघर करतात. सत्यमला कल्पना आवडली. धुरावरून वाराही कळतो.

"साडेनऊला पेटवा, आबा."

"व्हय. साडेनऊ."

तीस तारखेला सगळं जुळून आलं. नंबर आले, चाकं ठीक, आभाळ मोकळं. लोणावळ्यापर्यंत मी असा गेलो की माझं वय मलाच आठवेना. वलवणचं पाणी उजव्या पंखाखाली चमकलं. सत्यम गुणगुणत होता. आम्ही वळलो आणि डोंगर ओलांडून नाणे मावळात शिरलो तेव्हा बरोबर साडेनऊ वाजले होते.

आणि सत्यम गुणगुणायचा थांबला.

खाली एक धूर नव्हता. दहा होते. मग वीस. बघता बघता तीस झाले. नदीच्या या काठाला, त्या काठाला, डोंगराच्या पायथ्याशी, सगळीकडे. वारा नव्हताच. धूर सरळ वर यायचा, थोडा उंच गेला की आडवा व्हायचा, आणि सगळे धूर मिळून दरीवर गोधडी अंथरल्यासारखे पसरले. वाडी कुठली, पार कुठला, काही कळेना.

झालं होतं असं, की आबांनी पारावर दिवस आणि वेळ सांगितली होती. अभिमानाने सांगितली होती. मग प्रत्येकाला वाटलं, आपला राबही राखून ठेवू, तेव्हाच पेटवू, विमान आपल्यावरूनही जाईल. कोणाच्या मनात वाईट नव्हतं. पण मला इतका वैताग आला म्हणून सांगू!

सत्यमने एक चक्कर मारली. दुसरी मारली. एका ठिकाणचा धूर सगळ्यांत दाट आणि उंच होता. "आबाच," तो म्हणाला. आम्ही तिकडे गेलो, पंख हलवले, डावा, उजवा, पुन्हा डावा. खाली माणसं टोप्या फिरवत होती. तेवढ्यात धूर जरा फाटला आणि नदी दिसली. नदी आमच्या चुकीच्या बाजूला होती.

आम्ही अंबाजींच्या राबावर पंख हलवत होतो.

सत्यमने मला वळवलं, पण आता समोरचा डोंगरही पुसट झाला होता. माझ्यासारख्या विमानाला बाहेर बघूनच उडावं लागतं. दिसेनासं झालं की संपलं. रेडिओवर त्याने खरं तेच सांगितलं, आणि उत्तर आलं, परत फिरा. आम्ही फिरलो.

उतरल्या उतरल्या त्याने स्पीकरवर फोन लावला.

"आबा, सगळ्यांना पेटवायला कोणी सांगितलं होतं?"

"म्या कुटं सांगितलं? म्या निस्ती येळ सांगितली."

"वेळ तरी कशाला सांगायची? एवढंसं काम, तेही नीट होत नाही तुम्हाला?"

मग आबा म्हणाले, "तीन वर्सं गपच हुतो की, बाळा. आवाज आला तुझा. दिसलं मातर न्हाई काय." आणि त्यांनी फोन ठेवला.

सत्यमने माझ्या दारावर मूठ आपटली. दाराला पोचा आला. मला राग नाही आला. मलाही आपटायचं होतं, फक्त हात नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी आबा स्वतः हजर! तीन गाड्या बदलून आले होते. टोपी, पांढरा सदरा, हातात पिशवी. सत्यम बघतच राहिला. आबांनी त्याच्याकडे पाहिलंच नाही. सरळ माझ्याकडे आले आणि बोटाने टकटक केलं.

"पत्र्याचंच हाय की ह्ये!"

"मग काय सोन्याचं पाहिजे, आबा?" चाँदभाई हसले.

"न्हाई, म्या म्हनलं लोखंड असंल. आता उडत न्हाई ह्ये?"

"परवाना काल संपला," सत्यम खाली बघत म्हणाला.

"चालू तरी हुतं का?"

चाँदभाईंनी हात पुसले. "चालू होतं. बसा आत. इंजिन तपासायचं म्हणून पाच मिनिटं लावतो, त्याला कोण अडवतंय?"

मी जीव तोडून चालू झालो. चाँदभाई शेजारी बसले, आबांनी दोन्ही हातांनी सीट धरली. पंखा फिरला, गवत आडवं झालं, आबांची टोपी मागच्या सीटवर गेली. पाच मिनिटं आम्ही तिघं जागेवर थरथरत होतो. मग सगळं शांत झालं.

आबा खाली उतरले, खिशातून फोन काढला, अंबाजींना लावला आणि स्पीकरवर टाकला.

"अंबाजी, काल लय मोटा धूर केलता नव्हं?"

"मंग! ओला पाला टाकलता वर. म्हनलं, मपल्या वावरावर याया पायजे."

सत्यमने कपाळाला हात लावला.

"लबाडा, त्या धुरावर माजं पोरगं फिरलं आन् म्या आपला मान वर करून उबा!"

अंबाजी म्हणाले, "भिमाजी, खालनं काय नाव दिसत न्हाई कुनाचं. पर सगळी म्हनली, भिमाजीचं पोरगं आलं. म्या बी म्हनलं. आता काय ल्हेऊन देऊ?"

"ल्हेऊन नगं. संध्याकाळी पारावर सांग. म्या असताना."

"सांगतो. चा तुजा."

"ओला पाला तुजा, चा बी तुजाच."

फोन बंद झाला. सत्यम हळूच म्हणाला, "आबा, तुम्हाला मात्र दिसलं नाही."

"न्हाई दिसलं. ते ऱ्हायलंच," आबा म्हणाले. "आन् तू वराडलास."

"चुकलं माझं."

"चुकलंच." मग त्यांनी माझ्या दारावरचा पोचा बघितला, त्यावरून अंगठा फिरवला. "ह्यो बी तुजाच का?"

मित्रांनो, मला उपदेश करता येत नाही. एवढंच म्हणतो. पुढे कधी लोणावळ्याला याल, तेव्हा हॉटेलच्या दारात मी दिसेन. फोटो काढा, खुशाल काढा. पण अंगावर किल्लीने नावं कोरू नका. पंखाला लोंबकळू नका. आणि तुमची वाट बघत कोणी मान वर करून उभं असेल, तर काम फसल्यावर पहिला राग त्याच्यावर काढू नका. सत्यमने काढला. तो पोचा ठोकून निघाला, पण जागा अजून हाताला लागते.

आज दुपारी चाँदभाईंनी माझ्या टाक्या रिकाम्या केल्या. दोन तास लागले, एरवी अर्ध्या तासाचं काम. मग माझ्या चाकाला टेकून बसले.

"माझं घर तिथून जवळ आहे," ते म्हणाले. "घाटातला वारा मला माहिताय. जोराचा आला की उचलून नेतो. तुला साखळ्या लावतील. तरी पोरं अंगावर चढतील. कोणाला लागू देऊ नकोस, बाबा."

चाँदभाई, शब्द देतो. पोरं चढली तर हलणार नाही, ओरखडे सोसेन, रागावणार नाही. पण जवळपास कोणी नसताना घाटातून वारा वर आला, तर साखळी ताणेल तेवढं मी उठून बघणार. ते मात्र सोडायला सांगू नका.