मागे घेताना येणारा आवाज

गाडी शिकवणाऱ्या बाई त्या महिन्यात तिसऱ्यांदा वर्कशॉपच्या काउंटरसमोर येऊन उभ्या राहिल्या, तेव्हा सुपरवायझरने त्यांना पाहून आधी सुस्कारा सोडला आणि मग हसू आणलं.

"मॅडम, दोनदा बघितली गाडी. मी स्वतः फेरी मारली. इंजिन ठणठणीत आहे."

"आवाज येतो," बाई म्हणाल्या. "धाडकन येतो, पुढून, खालच्या बाजूने. आतून कोणी लाथ घातल्यासारखा."

"दिवसभर गाडीत बसून कानाला भास होतात हो. आमच्या घरीही मिसेसना कसले कसले आवाज येतात."

बाजूचे दोन मेकॅनिक खाली बघून हसले. बाईंच्या डोक्यात तिडीक गेली. एकोणीस वर्षं त्या शेजारच्या सीटवर बसून लोकांना गाडी शिकवत होत्या. कोणाचा पाय कुठे चुकतो, हे त्यांना डोळे मिटून कळायचं. आणि हा माणूस त्यांच्या कानांना नावं ठेवत होता!

पण त्याचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं, हीच तर पंचाईत होती. बाई स्वतः रस्त्यावर सरळ चालवायच्या तेव्हा गाडी गुणी लेकरासारखी मुकाट चालायची. आवाज यायचा तो शिकाऊ माणसाच्या हाती. चार दिवस विचार केल्यावर बाईंच्या लक्षात आलं होतं, की शिकाऊ माणूस क्लच एकदम सोडतो, गाडी गचका खाते आणि नेमका तेव्हाच आवाज होतो. वर्कशॉपवाल्यांचे पाय मुरलेले. त्यांना तो ऐकू येणार कुठून?

म्हणून आज त्या एकट्या आल्या नव्हत्या. त्यांची सगळ्यात गचके देणारी विद्यार्थिनी बाहेर गाडीत बसली होती.

या काकूंनी साठी ओलांडल्यावर शिकवणी लावली होती. "या वयात गाडी शिकून जाणार कुठे?" असं मुलाने विचारलं, तर "तू नेत नाहीस तिथे," म्हणून त्या मोकळ्या झाल्या होत्या. जिद्द भरपूर, पण क्लचशी उभं वैर. सहा आठवड्यांत बाईंची मान त्यांनी पार खिळखिळी केली होती.

"मागे बसा," बाईंनी सुपरवायझरला सांगितलं. "काकू चालवतील. आवाज आला नाही तर पुन्हा तोंड दाखवणार नाही."

सुपरवायझर मेकॅनिकांना डोळा मारत मागे बसला. बाई शेजारी बसल्या. काकूंनी पदर खोचला, आरसा नीट केला आणि क्लच सोडला.

गाडी लोण्यासारखी निघाली.

बाई बघतच राहिल्या. काकूंनी दुसरा गिअर टाकला, तिसरा टाकला, कोपऱ्यावर वळल्या. एक गचका नाही. मागून सुपरवायझर म्हणाला, "काय मॅडम? काकू तर झकास चालवतात."

सिग्नलला गाडी थांबली तशा बाई कानाशी लागल्या. "काकू, अहो, सोडा ना क्लच नेहमीसारखा."

"नाही सोडणार," काकू समोर बघत म्हणाल्या. त्यांचा आवाज काही कुजबुजीचा नव्हता. "घरी मला हसतात ते पुरे आहे. याच्यापुढे मुद्दाम वाईट चालवू होय? मान कापली तरी नाही."

बाईंना संताप आला आणि त्याच क्षणी अभिमानही वाटला. गाडी पुन्हा वर्कशॉपच्या फाटकातून आत आली. सुपरवायझरने दाराच्या कडीला हात घातला.

"उतरू नका," काकू म्हणाल्या. "आवाज नीट चालवलं तरी येतो. मागे घेताना, परत पुढे काढली की."

"मला कधी बोलला नाहीत!" बाई म्हणाल्या.

"मागे घेताना तुम्ही काचेतून मागे बघत असता आणि सारखं ओरडत असता. मला त्या रिव्हर्सची इतकी धास्ती, की मी गाडीचा श्वास न् श्वास ऐकते. थांबा."

काकूंनी रिव्हर्स टाकला आणि गाडी हात-दोन हात मागे घेतली, अगदी सावकाश. ब्रेक दाबला, पहिला टाकला, क्लच उचलला.

धाड!

मागच्या सीटवरून सुपरवायझर पुढे झुकला. काकूंनी न विचारता पुन्हा तेच केलं. पुन्हा धाड! दोघं मेकॅनिक हातातलं काम टाकून आले.

आता बाई खाली उतरल्या. "बॉनेट उघडा. काकू, ब्रेक घट्ट दाबून ठेवा. एकदा रिव्हर्स, एकदा पहिला. क्लच नुसता जरा उचलायचा. सगळे बाजूला उभे राहा."

काकूंनी क्लच उचलला तसं आख्खं इंजिन एका अंगाला वीतभर उठलं आणि दणकन खाली बसलं. मोठ्या मेकॅनिकने गाडी बंद करायला लावली, टॉर्च घेऊन वाकून पाहिलं आणि जीभ चावली.

"इंजिन ज्या रबरावर बसतं ना, ते फाटलंय साहेब. नुसतं लोंबतंय."

सुपरवायझरने घसा खाकरला. "शिकाऊ लोकांच्या हाती गाडी दिली की हे असं होणारच."

"का झालं ते मी विचारलंच नव्हतं," बाई म्हणाल्या. "आवाज येतो म्हणाले होते. तुम्ही माझ्या कानांवर बोललात. आता या दोघांसमोर सांगा, येतो की नाही?"

तो काउंटरकडे वळू लागला. बाई हलल्या नाहीत. काकूही उतरून कमरेवर हात ठेवून त्यांच्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या.

"येतो," तो अखेर म्हणाला.

"आणि माझं चालवणं?" काकूंनी विचारलं.

"चांगलं आहे, काकू."

गाडी दोन दिवस तिथेच राहणार होती. दोघी बसने निघाल्या. काकू हट्टाने ड्रायव्हरच्या अगदी मागच्या सीटवर बसल्या, दोन थांबे कान देऊन ऐकत राहिल्या आणि मग बाईंकडे झुकून सगळ्या बसला ऐकू जाईल असं म्हणाल्या, "हा सारखा क्लचवर पाय ठेवून चालवतो. सांगू का त्याला?"

"सांगा की," बाई म्हणाल्या.