नणंदेनं वापरलेला ब्रश

सांगू का, मानसाच्या चेहऱ्याची मले किळस येत नाई. संग्रामपुरात पार्लर चालवते मी, किळस करून भागते का? पिकलेल्या पुळ्या, डोळ्याचे चिपडं, नाकातले केस, सगळं पाह्यलं. पन एकीच्या तोंडचा ब्रश दुसरीनं तोंडाले लावलेला दिसला का मले किळस येते. ह्याच बाया कोनाच्या उष्ट्या कपात चहा पेत नाईत, अन् ब्रशचं मात्र कोनाले काही वाटत नाई.

माहे ब्रश मी सोता अकोल्याहून आनते. दुकानदार तोंड वाकडं करते, पन मी केस ओढून पाह्यल्याबिगर घेत नाई. हातात एक केस आला का ठेव बापा तुह्यापाशीच. फाउंडेशनले नायलॉनचा, कारन बकरीच्या केसाचा ब्रश अर्धं फाउंडेशन सोताच पेऊन बसते. प्रत्येक नवरीनंतर शाम्पूनं धुते अन् आडवे वाळू घालते. उभे ठेवले का पानी दांडीत उतरते, आतला डिंक सुटते अन् मंग ऐन लग्नात नवरीच्या गालावर केस. वाळाले पुरा दिवस जाते, म्हनून दोन सेट ठेवते. आता सांगते त्या लग्नाच्या आदल्या दिवशीही एक लग्न झालं होतं, तं त्यातला एक सेट घरी ओलाच होता, संग दुसरा एकच नेला.

सोनाळ्यात मंजुश्रीचं लग्न होतं, सत्यभामाबाईच्या पोरीचं. मंजुश्रीचा चेहरा पह्यले पुळ्याईनं भरेल होता. साल-दीड साल दवाखाना केला, तिखट सोडलं, तवा कुठं गाल साफ झाले. ऑर्डर देतानी तिनं मले फोनवर एकच गोष्ट सांगतली होती, "ताई, ब्रश धुतलेलेच आना बरं. माह्या चेहऱ्याले लगेच काहीबी होते." मी म्हनलं, तू कायजी नको करू.

चिखलीहून नवरदेवाकडचे पावने आले. मंजुश्री लग्नाची पांढरी साडी नेसाले आतल्या खोलीत गेली अन् मी हात धुवाले नळावर. वापस येऊन पाह्यते तं काय, आरशासमोर नवरदेवाची मोठी बहीन धम्मशीला अन् तिच्यासंगच्या दोघी बसेल. माहे ब्रश सगळे उघडे. एक बाई बारीक ब्रश जिभेवर ओला करून लायनर ओढून राह्यली होती. मले पाहून वरून सांगते, "थुंकीनं काळं लय चांगलं उठते वो."

अन् धम्मशीला माह्या फाउंडेशनच्या ब्रशनं जबडा घासत होती. जबड्याखाली तिले नायटा होता, रुपयाएवढा गोल, लाल कडा, वरून पांढरा कोंडा सुटेल. कोंड्यावर फाउंडेशन बसेना, म्हनून ती आनखी घासे. घासता घासता तिले खाज सुटली. मंग बाईनं त्याच ब्रशनं, त्याच केसाईनं, खरखर खाजवलं. डोळे मिटून, मजेत. अन् झाल्यावर ब्रश बाकीच्याईच्या मधात खुपसून देला. माह्या तोंडात कडू पानी आलं. 

तरी मी गोड बोलली. "ताई, हे ब्रश मी धुवाले काढून ठेवते. नवरीचं तोंड बाकी हाये."

धम्मशीलानं मान वळवली. "काऊन? माहा हात लागला तं बाटला का तुमचा ब्रश?"

 बाटला हा शब्द आमच्या बौद्ध घराईत कोनी सहज तोंडात घेत नाई. विहिरीवर, हॉटेलात, शाळेत आमच्या मानसाईनं जे भोगलं, ते सगळं त्या एका शब्दात हाये. अन् ह्या बाईनं तो नायट्यावर पांघरून म्हनून वापरला. नायट्यापेक्षा मले त्याचीच शिसारी जास्त आली.

सत्यभामाबाई चहाचा ट्रे घेऊन दारातच थबकली. "महामाया, राहू दे न माय," ती हळू म्हनली. "पोरगी द्याची हाये त्याईच्या घरी."

"मी बोटानं लावते," मी म्हनलं. "बोटानंही चांगलं बसते."

"वा. आमाले ब्रश अन् नवरीले बोटं," धम्मशीला म्हनली. "आमी काय रोगी हाओत का?"

हाव, हाये तुमी. जबड्याखाली हात लावून पाहा. एवढं बोलाले मी तोंड उघडलं. तेवढ्यात सत्यभामाबाईच्या मांगं मंजुश्री दिसली. साडी नेसून केव्हाची उभी होती, काय माहीत. सगळं पाह्यलं होतं तिनं. माह्याकडे पाहून तिनं मान हलवली. बोलू नका म्हनून.

मंग ती खुर्चीवर येऊन बसली. मी हात पुढं कराच्या आत तिनं तोच ब्रश ओढून काढला, फाउंडेशनमंदी बुडवला अन् सोताच्या गालावर ठेवला. पुरा गाल, मंग कपाळ, मंग दुसरा गाल. नणंदेकडे पाहून हसली अन् म्हनली, "धम्मशीलाताई, रंग बरोबर हाये न?"

"मस्त," धम्मशीला म्हनली. तिनं मंजुश्रीच्या गालावरून हात फिरवला. "भाऊजय समजदार हाये आमची." सत्यभामाबाईनं सुटल्यासारखा श्वास सोडला अन् सगळ्याईले चहा देला. त्या चहाचीही मले किळस आली. कप तसाच ठेवला मी.

माईकवर वंदनेसाठी बोलावनं झालं तशा बाया मांडवात गेल्या. खोलीत आमी दोघीच. मी तिच्या केसात गजरा माळून राह्यली होती. 

"ताई," ती आरशात पाहूनच म्हनली, "नायटा किती दिवसानं उठते वो?"

"आठ-पंधरा दिवसानं." मले खोटं बोलवलं नाई.

तिनं आरशात सोताचा गाल पाह्यला. मंग म्हनली, "म्हंजे तवर मी चिखलीले असीन. ह्याच बाया म्हनतीन मंग, रोगी पोरगी गळ्यात मारली."