पारुबाईच्या दारातली घोषणा

मित्रांनो, साखरा गावच्या सटवाजीच्या जीपवर आयुष्य काढलेला जुना भोंगा मी. माईकमधून येईल ते मोठं करून बाहेर फेकायचं, एवढंच माझं काम. त्याची लाज मला फार उशिरा वाटली.

पंधरा वर्षांपूर्वी पंचायतीच्या निवडणुकीत सटवाजीच्या पॅनलविरुद्ध पारुबाई उभी राहिली. लोकांच्या रानात निंदणीला जाणारी बाई. टोमणा लेकराच्या तोंडून मारला की भांडण लागत नाही, ही सटवाजीची जुनी युक्ती. त्याने जीप तिच्या दारात उभी केली, आपल्या पाच वर्षांच्या नातीला, राजनंदिनीला, मांडीवर घेतलं आणि माईक तिच्या तोंडाला लावला.

"पारुबाई, पारुबाई, खुरपं धर, खुर्ची न्हाई!"

पोरगी बोबडं ओरडली, मी दसपट मोठ्याने. गाव खो-खो हसलं. पारुबाईने दार लावून घेतलं. नातीला पेढा मिळाला, मला नवा रंग. पारुबाई म्हणजे हसण्याची गोष्ट, हे त्या लेकराच्या मनात पक्कं बसलं.

पुढे कॉलेजला जाणारी एसटी बंद झाली. सटवाजी म्हणाला, "पोरीनं काहून शिकायचं इतकं?" पारुबाई मात्र तीन दिवस आगारात ठाण मांडून बसली. गाडी सुरू झाली. त्याच गाडीने राजनंदिनी शिकली.

यंदा पुन्हा निवडणूक, पुन्हा पारुबाई उभी, पुन्हा तेच दार. सटवाजीने जीपमध्ये बसलेल्या राजनंदिनीपुढे माईक केला. "म्हण, तेच जुनं."

"न्हाई, आबा. मला कळत नव्हतं तवा तुमी ते माझ्या तोंडात कोंबलं."

"आमच्या घरात राहून आमच्यावरच उलटून राहिली?"

"घरात राहीन. तुमच्या तोंडानं न्हाई बोलणार." तिने माईक घेतला. "पारूमावशी, मी चुकले..."

सटवाजीने माझी वायर उपटली. संतापाने माझा पत्रा तापला, पण आवाज फुटेना. पोरगी खाली उतरली आणि दारापुढे जाऊन तेच माझ्याविना बोलली.

दार उघडलं. "ये, लेकरा," पारुबाई म्हणाली. "पाच वर्षांच्या पोरीवर कशाचा राग? माझा राग त्या मांडीवर हाय." तिने जीपकडे बोट केलं. या वेळी कुणी हसलं नाही.

आता मी गोठ्यात पडलोय. माझी निगा राखा, असं मी म्हणणार नाही. भंगारात घाला मला! पण मित्रांनो, कुणी लेकराच्या तोंडाला आपला माईक लावताना दिसला, तर त्याचा हात तिथेच धरा. मी पत्र्याचा होतो. ती नव्हती.