पलीकडच्या उतारावरचा नर

हेडविगाची जुनी रायफल त्या वसंतात निकालात निघाली. बंदूकवाल्या कोर्नेलनं नळीतून खिडकीकडे बघितलं, मान हलवली आणि म्हणाला, हिच्यातले आटे झिजून गेलेत, आता हिनं हरिण मरेल ते घाबरून. एरवी हेडविगा हसली असती. पण त्याच आठवड्यात शिकारी संघाच्या बैठकीत मोठ्या नर-हरणाचा परवाना तिच्या नावावर निघाला होता.

मोठा नर मिळणं ही त्या डोंगरात साधी गोष्ट नव्हती. हिवाळ्यात हरणांसाठी पाठीवर गवत वाहून न्यायचं, मिठाचे दगड वर चढवायचे, मोडलेली मचाणं ठोकायची. असं वर्षानुवर्षं केलं की कधीतरी पाळी यायची. संघातल्या पुरुषांच्या पाळ्या दोन-दोनदा येऊन गेल्या होत्या. हेडविगा लग्नाआधीच शिकारीची परीक्षा देऊन संघात आलेली, सगळ्यांत एकटी बाई. तिच्याबरोबर गवत वाहणारे कितीतरी जण आता टेकडीवरच्या दफनभूमीत होते. तिला सासष्टावं लागलं तेव्हा तिची पाळी आली. आणखी एक पाळी येईल इतकं आयुष्य उरलं नाही हे तिलाही कळत होतं आणि संघालाही.

परवाना साध्या शब्दांत होता: दहा वर्षांपुढचा, पैदाशीतून उतरलेला एक नर. असा नर कुठला हे सांगायची गरज नव्हती. वरच्या कुरणावरच्या त्या म्हाताऱ्याला हेडविगा तो पाडस असल्यापासून ओळखत होती. माजाच्या दिवसांत त्याचा आवाज घोगरा, फाटका यायचा, रात्रभर दारू पिऊन गायलेल्या माणसासारखा. नवरा असताना दोघं अंगणात बसून तो आवाज ऐकायची. वेन्देलीन म्हणायचा, हा तुझा. तुझ्यासाठीच थांबलाय.

कोर्नेलनं तिच्यापुढे दोन रायफली ठेवल्या. दोन्ही बोल्टच्या, एकाच मापाचं काडतूस घेणाऱ्या. एक स्वस्तातली: प्लास्टिकचा दस्ता, बोल्ट मागे ओढताना खरखरणारा. दुसरी ऑस्ट्रियातून आलेली, अक्रोडाच्या दस्त्याची, वर भलीमोठी दुर्बीण बसवलेली. तिचा बोल्ट लोण्यातून सुरी फिरावी तसा फिरायचा. खाणीतल्या चांदमारीवर त्यानं तिला दोन्ही चालवायला दिल्या. शंभर मीटरवर स्वस्तातलीच्या तीन गोळ्या काड्यापेटीखाली झाकल्या गेल्या. महागातलीच्या तीन गोळ्यांनी एकच भोक पाडलं, जरासं वेडंवाकडं.

"हेडविगाबाई, स्वस्तातली न्या," कोर्नेल म्हणाला. "नराच्या छातीत अशा कितीतरी काड्यापेट्या मावतात. उरलेल्या पैशांत गळ्यातली चांगली दुर्बीण घ्या. तुमच्या दुर्बिणीचा एक डोळा धुरकट झालाय, मागच्या वर्षीच सांगितलं होतं."

"आणि गुडघे? ते कुठल्या दुकानात मिळतात?"

खरं दुखणं ते होतं. वरच्या कुरणावरच्या नरापासून शंभर पावलांच्या आत पोचायचं तर आधी घळीत उतरायचं, मग ओल्या दगडांवरून गुपचूप वर चढायचं. दोन हिवाळ्यांपासून तिचे गुडघे पायऱ्यासुद्धा मोजून चढू देत. घळीच्या अलीकडून, आडवं पडून, समोरच्या उतारावर गोळी टाकायची तर ती दुसरी रायफलच हवी.

तरी ती त्या दिवशी काही न घेताच परतली. स्वस्तातली घ्यावी असंच जवळजवळ ठरत होतं. रविवारी धाकटा भाऊ गेजा जेवायला आला. गेजा संघाचा अध्यक्ष. मेंढीच्या चीजमधले बटाट्याचे गोळे चापून झाल्यावर त्यानं ग्लास भरला आणि विषय काढला. कोर्नेलच्या दुकानातली गोष्ट गावात अर्ध्या दिवसात फिरते.

"हेडा, ती ऑस्ट्रियाची बघितलीस म्हणे. अगं, तुला कशाला ती? एक नर मारायचा नि मग भिंतीला टांगायची. आणि नेम चुकला तर स्वस्तातली चुकली म्हणता तरी येईल."

तो सहज बोलला. पूर्वीपासून तो असंच बोलायचा आणि ती पूर्वीपासून ताटं उचलून आत जायची. त्या दिवशीही ती आत गेली. पण सोमवारी पहिल्या बसनं तालुक्याला गेली, वेन्देलीनच्या मागे राहिलेले आणि रोपवाटिकेतून निवृत्त होताना मिळालेले पैसे एकत्र केले आणि अक्रोडाच्या दस्त्याची रायफल घेऊन आली. गळ्यातली दुर्बीण जुनीच राहिली.

संघातल्या कुठल्याही नवख्याला पहिल्याच दिवशी एक गोष्ट शिकवली जायची, आणि ती शिकवायचं काम बरीच वर्षं हेडविगाकडेच होतं. रायफलीवरच्या दुर्बिणीतून वय बघायचं नाही. आधी रायफल पाठीवर ठेवून गळ्यातल्या दुर्बिणीनं बघायचं: मान किती जाड, डोकं वर धरतो की खाली, पोट सुटलंय का, चाल जड आहे का. शिंगं सगळ्यांत शेवटी. रायफल खांद्याला लागली की माणसाला शिंगांशिवाय काही दिसत नाही, असं ती पोरांना दरडावून सांगायची.

सप्टेंबरच्या शेवटी माज चढला. संघाचा शिकारनियंत्रक सिरिल तिच्याबरोबर घळीपर्यंत येणार होता, पण त्याच्या गाईला वासरू अडलं होतं. त्यानं तिला एक दिवस थांबायला सांगितलं. तिला थांबवेना. दोन दिवसांत पाऊस येणार होता आणि पावसानंतर म्हातारा कुरणावर दिसेलच याचा भरवसा नव्हता. ती दुपारीच निघाली आणि घळीच्या अलीकडे, बोरांच्या झुडपात, पोटावर पडून राहिली.

ऊन उतरू लागलं तसा तो घोगरा आवाज आला. समोरच्या कुरणाच्या कडेनं, स्प्रूसच्या झाडांच्या दाटीतून. वेन्देलीन हवा होता, असं तिला वाटलं. आवाज पुन्हा आला आणि दाटीतून एक नर उघड्यावर निघाला. तिनं गळ्यातली दुर्बीण डोळ्यांना लावली. धुरकट काचेत एक तपकिरी डाग हलत होता. तिनं ती खाली ठेवली आणि रायफल पुढे घेतली.

काय ती दुर्बीण. नर हाताच्या अंतरावर उभा असल्यासारखा. शिंगांचा एकेक फाटा, टोकांचा पांढरेपणा, नाकपुड्यांतून निघणारी वाफसुद्धा. दोन्ही शिंगांच्या माथ्यावर तीन-तीन टोकांचे मुकुट. एवढी शिंगं त्या डोंगरात एकाचीच असणार. आणि आवाज तर त्याचाच होता. नर आडवा झाला. चाप इतका हलका होता की तो दाबल्याचं तिला कळलंही नाही.

नर जागीच बसला. घळीतून आवाज परत येईपर्यंत सगळं संपलं होतं.

मग दाटीतून पुन्हा तो घोगरा आवाज आला.

हेडविगा तशीच पडून राहिली. दाटीच्या तोंडाशी म्हातारा आला, मान खाली, पोट लोंबतं, शिंगं आखूड झालेली आणि एकीकडे झुकलेली. ज्यानं आठवडाभर त्याला कुरणावर पाय ठेवू दिला नव्हता, त्या पडलेल्या नराकडे त्यानं बघितलं. बराच वेळ बघितलं. दुसरी गोळी नळीत घ्यायला बोल्ट नुसता मागेपुढे करायचा होता. पण परवाना एकाचाच होता.

घळ उतरून चढायला तिला अंधार झाला. गोळीचा आवाज ऐकून सिरिलही वर येऊन पोचला. त्यानं बॅटरीच्या उजेडात नराचा जबडा उघडून दाढा बघितल्या. धारदार, नुकत्या आल्यासारख्या. "सहा वर्षं," तो म्हणाला. "फार तर सात." मग रिवाजाप्रमाणे त्यानं स्प्रूसची डहाळी मोडली, एक तुकडा नराच्या तोंडात शेवटचा घास म्हणून ठेवला आणि दुसरा आपल्या टोपीवर ठेवून तिच्यापुढे धरला. डहाळी देताना अभिनंदन करायचं असतं. सिरिलनं नुसती टोपी धरली. हेडविगानं डहाळी घेतली.

फेब्रुवारीत म्हातारा ओढ्याकाठच्या बर्फात मेलेला सापडला.

एप्रिलमध्ये तालुक्याच्या सभागृहात वर्षभराच्या शिंगांचं प्रदर्शन लागलं. चुकीचा नर मारणाऱ्याच्या पाटीवर लाल ठिपका लावतात आणि नाव झाकत नाहीत. हेडविगाच्या पाटीवरचा ठिपका दारातूनच दिसत होता, कारण शिंगं त्या वर्षीची सर्वांत सुंदर होती. शेजारी म्हाताऱ्याचं डोकं, खाली 'मृत सापडला' एवढंच. ठिपक्याबरोबर पाच वर्षं मोठ्या नराचा परवाना बंद. पाच काय आणि पन्नास काय, तिला सारखंच.

पुरुषांचा घोळका तिच्या शिंगांपुढे हलत नव्हता. गेजा मधोमध उभा राहून हातानं घळ, झुडूप आणि उतार दाखवत होता. "इथून तिथं, आणि गोळी खांद्यामागे, बोटभरही इकडेतिकडे नाही," तो सांगत होता, आणि त्याच्या आवाजात खराखुरा अभिमान होता. तिला बघून तो म्हणाला, "हेडा, अशी गोळी आपल्या संघात कुणी टाकली नसेल."

त्यापेक्षा त्यानं टोमणा मारला असता तरी चाललं असतं.

कोपऱ्यात कोर्नेल वाईनचा ग्लास घेऊन उभा होता. त्यानं तिला हळूच सांगितलं की हिवाळ्यात तिघांनी तीच रायफल मागवली, तीच दुर्बीण.

"त्यांना सांगितलं नाहीत, जे मला सांगितलं होतं?"

"सांगितलं," कोर्नेल म्हणाला. "त्यांनी तुमचंच उदाहरण दिलं."

संध्याकाळी शिंगं उतरवली. नको असतील तर संघाच्या कोठीत ठेवून जा, असं सिरिलनं सुचवलं. तिनं नकार दिला आणि ती पोत्यात घालून बसथांब्यावर आली. पोत्यात ती मावत नव्हती. बसच्या चालकानं उतरून तिला वर घेतलं. तो दरीतल्या गावचा, शिकारीतलं काही न कळणारा. शिंगं बघून त्यानं शीळ घातली.

"आजी, तुम्ही मारला? म्हातारा असणार."

"नाही. सहा वर्षांचा."

"अरेरे. मग अजून केवढा झाला असता."

"हो," हेडविगा म्हणाली आणि तिकिटाचे पैसे पुढे केले.

शिंगं मांडीवर उभी राहीनात, म्हणून तिनं ती मधल्या वाटेत आडवी धरली. गाव येईपर्यंत उतरणारा प्रत्येक जण त्यांच्यापाशी थबकला, अंग चोरून पुढे सरकला. ती दर वेळी माफी मागत राहिली.