ओरडण्याची मुदत

रोहिणीने पहिल्या डिस्कला ड्रिलने आरपार भोक पाडलं आणि यादीतल्या नंबरापुढे बरोबरची खूण केली. अशा अजून अकरा होत्या. संध्याकाळपर्यंत सगळ्या निकामी करून खोली रिकामी करून द्यायची होती. आणि उद्या कुणाची फाइल हरवलेली निघाली, तर नोकरी तिची जाणार होती.

अंबरनाथच्या या कारखान्यातली तीन स्टोरेज यंत्रं म्हातारी झाली होती. तिन्ही मिळून एकच संसार करायची. एक बंद पडलं तरी उरलेली दोन सगळं सांभाळून घ्यायची. कारखान्यातल्या माणसांबद्दल असं म्हणता आलं नसतं. खात्याखात्याच्या फाइली नव्या जागी हलवून रोहिणी महिनाभर एक कागद घेऊन हिंडली: ‘जुन्या स्टोरेजवर आमचं काही उरलेलं नाही.’ सही कोणी करीना.

"सही कशी करू मॅडम?" खरेदी खात्याचे अभिजीत म्हणाले होते. "उद्या काही निघालं तर?"

"मग आत्ताच बघून घ्या ना."

"बघितलं की जबाबदारी आमच्यावर येते."

शेवटी तिने धंद्यातला जुना उपाय केला. यंत्रं तशीच ठेवून नुसती नेटवर्कची वायर काढली आणि पंधरा दिवस वाट पाहिली. ज्याचं काही अडेल तो ओरडेल. कोणी ओरडलं नाही. अभिजीत मात्र रोज बजावत राहिले, "एवढ्यात वायर काढू नका हं."

पहिल्या यंत्राची चौथी डिस्क संपली, तेव्हा दारात कॅन्टीन झाडणाऱ्या भागीरथीबाई उभ्या होत्या.

"ताई, क्यांटीनचा टीव्ही कवा लागंल?"

"बंद आहे?"

"पंधरा दिस झाले."

त्या टीव्हीवर कारखान्याच्या समारंभांचे फोटो आपोआप फिरत असत. रोहिणीने यादी चाळली. त्या फोटोंचा फोल्डर कुठल्याच खात्याचा नव्हता, म्हणून कोणी हलवलाच नव्हता.

"मावशी, बोलायचं नाही का? कोणी ओरडतंय का, याचीच तर मी वाट बघत होते."

"आमी कशाला वरडू? टीव्ही सायबांचा." त्यांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "त्यात आमचे हे हायेत. गेटवरचे बुधाजी."

बुधाजींना जाऊन दोन वर्षं झाली होती.

"घरी फोटो नाही?"

"आधार कार्डावरचा हाय. तो काय त्यांच्यासारखा दिसत नाय."

रोहिणीने ड्रिलचा प्लग काढला, नेटवर्कची वायर पुन्हा जोडली आणि यंत्रं चालू केली. उरलेली दोन यंत्रं बरीच कुरकुर करत, लाल दिवे दाखवत अखेर उठली. फोल्डर सावकाश नव्या जागी निघाला.

दोघी कॅन्टीनमध्ये आल्या. पडद्यावर मालक केक कापत होते.

"शोधून देऊ का पटकन?"

"नको. क्येक झाला की बक्षिसं, मंग झाड लावायचं. तिथं सायबांवर छत्री धरून हे." भागीरथीबाईंनी एक खुर्ची पुसून पुढे सरकवली. "बसा ताई. येतीलच आता."